मुलाच्या मागचे शहर : हवानाची जुनी घरगुती रिळे कशी जपावीत आणि कशी वाचावीत

क्युबाची राजधानी असलेल्या हवानातल्या एखाद्या कुटुंबाने १९३० ते १९६० या काळात काढलेली रिळे उघडली, तर त्यांत बहुधा वाढदिवस, बाप्तिस्मे, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहली आणि ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, मुलांना मिळालेली खेळणी एवढेच दिसते. कॅमेरा धरणाऱ्या वडिलांचे किंवा मामाचे सारे लक्ष मुलावर होते. शहर मुलाच्या पाठीमागे आपसूक येऊन उभे राहिले. ते कोणी सजवून मांडलेले नसल्यामुळे पर्यटनाच्या जाहिरातपटांत न सापडणाऱ्या दुकानांच्या पाट्या, भिंतींचे रंग, बसची वाट पाहणारी माणसे इथे सापडतात. अशी रिळे हाती आल्यावर ती न बिघडवता पाहायची कशी आणि मागचे ते शहर ओळखायचे कसे, याची पद्धत पुढे दिली आहे.

रीळ हाती आले की ते लगेच प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह होतो, आणि बरेचसे नुकसान त्याच संध्याकाळी होते. दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे कपाटात राहिलेली ॲसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, फीत आकसते, तिची लवचीकता जाते आणि मग प्रोजेक्टरचे दाते छिद्रांत नीट न बसता ती फाडत जातात. म्हणून आधी डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ॲसिटेटचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे; त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. अशी रिळे इतरांपासून वेगळी काढून थंड, कोरड्या जागी ठेवावीत आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्यावीत. बुरशीचे ठिपके दिसले तरी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण बुरशीने पोखरलेला चित्राचा थर पाणी लागताच सुटून येऊ शकतो.

त्यानंतर फीत कोणत्या जातीची आहे ते पाहावे, कारण काळाचा पहिला अंदाज तिथेच मिळतो. छिद्रे दोन चौकटींच्या (फ्रेमच्या) बरोबर मधोमध असतील तर ती ९.५ मिलिमीटर रुंदीची, १९२२ मध्ये 'पाते' या फ्रेंच कंपनीने बाजारात आणलेली फीत. १६ मिलिमीटर १९२३ मध्ये आली, ८ मिलिमीटर १९३२ मध्ये, आणि कडेची छिद्रे लहान असून चित्र मोठे असलेली सुपर ८ ही १९६५ मध्ये. तेव्हा सुपर ८ च्या फितीवर १९५० च्या दशकातली हवाना दिसत असेल, तर ती मूळ फीत नसून नंतर काढलेली प्रत आहे आणि मूळ कुठे तरी असू शकते, हे लक्षात घेऊन घरात पुन्हा शोधाशोध करावी. कोडॅकच्या फितीच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापलेल्या असतात. त्या भिंगाखाली पाहून ज्ञात तक्त्याशी ताडल्या की फीत बनल्याचे वर्ष कळते. मात्र या खुणा दर २० वर्षांनी पुन्हा त्याच येतात, आणि फीत बनली त्याच वर्षी ती कॅमेऱ्यात घातली गेली असेल असे नाही. डबे आणि पाकिटे फेकू नयेत. त्यांच्यावरचा टपालाचा शिक्का, आजीच्या हस्ताक्षरातला एखादा शब्द, हे पुढे फार उपयोगी पडते.

स्कॅनिंग बाहेरून करून घेणार असाल, तर काही गोष्टी लेखी सांगाव्यात. प्रत्येक चौकट स्वतंत्र टिपली जावी, चित्राची कड कापली जाऊ नये, छिद्रांपर्यंतचा आणि काठावरच्या खुणांपर्यंतचा भाग स्कॅनमध्ये यावा, आणि रंग 'सुधारण्याचा' उत्साह मूळ प्रतीवर कोणी दाखवू नये. यातल्या कडेबद्दल मी आग्रही आहे. चित्र 'स्वच्छ' दिसावे म्हणून कापलेली ती दोन बोटांची पट्टी बहुधा नेमकी दुकानाच्या पाटीची असते. वेगाचा प्रश्न नंतर सोडवता येतो : ८ मिलिमीटरच्या मूक फिती साधारणपणे सेकंदाला १६ चौकटींनी आणि सुपर ८ च्या १८ चौकटींनी चालतात, आणि त्या २४ ने चालवल्या की सगळे हवाना शहर घाईत धावताना दिसते. स्कॅन आल्यावर सर्वांत आधी चित्र उलटे नाही ना, हे तपासावे. हवानात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात; ती डावीकडून जाताना दिसली आणि पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी असली, तर फीत चुकीच्या बाजूने स्कॅन झाली आहे.

आता खरे वाचन. पहिल्यांदा सगळे रीळ न थांबता पाहून घ्यावे, मुलांकडे पाहून हसून घ्यावे, आणि दुसऱ्यांदा पाहताना मुलांकडे मुळीच पाहू नये. पडद्यावरचा मुलाचा भाग तळहाताने झाकून उरलेले चित्र पाहणे ही युक्ती बालिश वाटेल, पण ती फार चांगली चालते.

समजा, चार वर्षांची मुलगी तीनचाकीवर बसली आहे आणि पदपथाच्या कोपऱ्यावर तिच्या गुडघ्याएवढा, पिरॅमिडच्या आकाराचा बुटका दगड आहे. वेदादो या भागात रस्त्यांची नावे अशाच दगडांवर कोरलेली असतात. तिथले समुद्राला समांतर जाणारे रस्ते विषम अंकांचे, तर त्यांना छेदणारे रस्ते सम अंकांचे किंवा अक्षरांचे असल्यामुळे दगडाच्या दोन बाजूंवर '१७' आणि 'एच' एवढे वाचता आले, की नेमका चौक हाती लागतो. चौकट थांबवून, मोठी करून, उजेड वाढवून दगड वाचावा. तो एका चौकटीत अस्पष्ट असला तरी आधीच्या दहा चौकटींपैकी एखादीत स्पष्ट असतो.

जागा कळली की काळ. त्याचा नियम असा की जे दिसते त्याला पुरावा मानावे आणि जे दिसत नाही त्यावर फार विसंबू नये, कारण कॅमेऱ्याचे तोंड दुसरीकडे असू शकते. कापितोलिओ या जुन्या संसद भवनाचा घुमट पूर्ण दिसला तर चित्र १९२९ च्या सुमाराचे किंवा नंतरचे. मलेकोन या समुद्रकाठच्या रस्त्याच्या कडेला, समुद्रावरच्या कड्यावर, जुळ्या मनोऱ्यांचे होटेल नासिओनाल दिसले तर ते १९३० नंतरचे. 'मेन' या अमेरिकन युद्धनौकेच्या स्मारकाच्या खांबांवर गरुड असेल तर चित्र १९६१ च्या आधीचे. त्या वर्षी तो उतरवला गेला. ट्राम धावताना दिसली तर १९५२ किंवा त्याआधीचे, पण नुसते रूळ दिसले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण गाड्या बंद झाल्या म्हणून रस्त्यांतले रूळ त्याच दिवशी उखडले गेले नाहीत. (वेदादोतल्या 'लीनेआ' रस्त्याचे नावच ट्रामच्या मार्गावरून पडले आहे.)

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धाबाबत हवाना विशेष उदार आहे, कारण तेव्हा शहराची आकाशरेषा दरवर्षी बदलत होती. फोक्साची उंच इमारत १९५६ मध्ये पूर्ण झाली, रिव्हिएरा हॉटेल डिसेंबर १९५७ मध्ये उघडले, हिल्टन मार्च १९५८ मध्ये, आणि उपसागराच्या पलीकडच्या टेकडीवरचा ख्रिस्ताचा पुतळा १९५८ च्या नाताळाला. त्यामुळे एकाच चौकटीत फोक्सा पूर्ण आणि हिल्टनच्या सांगाड्याभोवती परांच्या दिसत असतील, तर काळ दोनेक वर्षांत येऊन बसतो. हिल्टनचे १९६० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि ते 'हबाना लिब्रे' झाले. म्हणून जुन्या नावाची पाटी हा फार अरुंद, म्हणूनच फार मोलाचा पुरावा आहे. गालिआनो आणि सान राफाएल रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे 'एल एन्कान्तो' हे मोठे दुकान १३ एप्रिल १९६१ रोजी जळाले. त्या काचेच्या खिडक्यांपुढे आई नटूनथटून उभी असेल, तर वरची मर्यादा दिवसापर्यंत सांगता येते.

मोटारींवर मात्र विसंबू नये. इतर शहरांत मोटारीचे मॉडेल हा काळ ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो, पण हवानात १९५५ ची शेव्हरले १९७५ मध्येही धावत होती. तिच्यावरून 'याच्या आधीचे नाही' एवढेच म्हणता येते. ऋतूसाठी झाडे पाहावीत : गुलमोहर लाल असेल तर उन्हाळा. मलेकोनची भिंत ओलांडून लाटा रस्त्यावर येत असतील आणि माणसांच्या अंगात स्वेटर असतील, तर हिवाळ्यातली उत्तरेकडची थंड हवा.

बऱ्याच कुटुंबांची रिळे १९६० किंवा १९६१ मध्ये अचानक थांबतात, आणि त्यालाही कारणे आहेत. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने क्युबाला होणारी बहुतेक निर्यात बंद केली, त्यामुळे अमेरिकन फिती मिळणे अवघड झाले. शिवाय १९५९ च्या क्रांतीनंतर कॅमेरा बाळगणाऱ्या वर्गातली असंख्य कुटुंबे तेव्हाच देश सोडत होती. शेवटच्या रिळात विमानतळाची काच दिसली, तर घाईने पुढे जाऊ नये. निघालेल्या प्रवाशांना नातेवाइकांपासून वेगळे ठेवणाऱ्या त्या काचेच्या दालनाला लोक 'ला पेसेरा', म्हणजे माशांची काचपेटी, म्हणत. काचेला टेकवलेले हात कोणाचे आहेत, हे अजून सांगू शकणारा माणूस जिवंत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे जावे.

ज्येष्ठांबरोबर पाहताना त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि 'हे कोण?' यापेक्षा 'कॅमेरा कुठे उभा होता?' हा प्रश्न आधी विचारावा. नावाच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळते. जागेच्या प्रश्नाला माणूस मनाने त्या गच्चीवर चढतो आणि शेजारचा बेकरीवाला, जिन्याचा वास, वरच्या मजल्यावरचे भांडण सांगू लागतो. त्याच वेळी या रिळांत कोण नाही, हेही विचारावे. कॅमेरा परवडणारी कुटुंबे बहुतांशी गोरी आणि सुस्थितीतली होती; कृष्णवर्णीय हवाना त्यांच्या फितींत चौकटीच्या कडेला, मुलाला सांभाळणाऱ्या बाईच्या किंवा फळे विकणाऱ्या माणसाच्या रूपात येते. नोंदीत 'नोकर' असा शब्द लिहून पुढे जाऊ नये. तिचे नाव घरात कोणाला तरी आठवते का, हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेच लिहावे.

नोंदवही साधी असावी : रिळाचा क्रमांक, मिनिट आणि सेकंद, काय दिसते, जागा, काळ, आणि शेवटच्या रकान्यात हा निष्कर्ष कशावरून काढला ते. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, कारण 'मावशी म्हणाली' आणि 'दगडावर वाचले' यांत फरक आहे, आणि दहा वर्षांनी तो तुम्हालाही आठवणार नाही. स्कॅनच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ रिळे स्कॅन झाली म्हणून टाकून देऊ नयेत. कुटुंबाची संमती असेल तर मायामी विद्यापीठातल्या क्युबन वारसा संग्रहासारख्या ठिकाणी एक प्रत, नोंदवहीसह, देता येते का हे पाहावे. आणि हवानात अजून नातेवाईक असतील तर पहिली प्रत त्यांना पाठवावी, कारण तो कोपरा आज कसा आहे, हे पाहून यायला त्यांना दहा मिनिटेच लागतात.