छोट्या लिनॅकच्या कामात यायचंय? आधी तांबं समजून घ्या

एम.एस्सी. किंवा बी.ई. करून छोट्या इलेक्ट्रॉन प्रवेगकांच्या, म्हणजे लिनॅकच्या क्षेत्रात येणारी मुलं आधी इलेक्ट्रॉनच्या गतीची समीकरणं पक्की करून येतात. ती हवीतच. पण यंत्र स्वस्त होतं की महाग, हे बरंचसं इतरत्र ठरतं: मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारं उपकरण), मॉड्युलेटर (त्याला उच्च व्होल्टेजचे विजेचे झटके देणारा भाग), ब्रेझिंग (तांब्याचे भाग भट्टीत दुसरा धातू वितळवून जोडणं) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र).

एस-बँडचं, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरींचं, उदाहरण घेऊ. २८५६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण साडेदहा सेंटीमीटर, म्हणून एकेक कॅव्हिटी, म्हणजे इलेक्ट्रॉनला वेग देणारा तांब्याचा पोकळ कप्पा, त्याच्या निम्मी, सव्वापाच सेंटीमीटरची. सुरुवातीच्या काही त्याहून आखूड, कारण इलेक्ट्रॉनने अजून वेग धरलेला नसतो. १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेलाच तो प्रकाशाच्या ९४ टक्के वेग गाठतो, पुढे लांबी बदलावी लागत नाही. आता तांबं एक अंशाने तापलं, की ते प्रसरण पावतं आणि कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी जवळपास ५० किलोहर्ट्झ खाली सरकते. म्हणून थंड पाण्याचं तापमान जपणं हा यंत्राच्या रचनेचाच भाग आहे. ९ गिगाहर्ट्झच्या आसपास, एक्स-बँडला गेलात तर कॅव्हिटींची नळी आखूड होते, किरणं अडवायला शिसं कमी लागतं. पण लेथवरची अचूकता तितकीच कडक होते. आकार घटला म्हणजे खर्च घटलाच, असं धरून चालू नका.

मला सगळ्यात जास्त मशिनिस्टनी शिकवलं. जोड व्हॅक्यूम भट्टीत गेल्यावर दुरुस्तीला फार वाव उरत नाही, त्यामुळे ब्रेझिंगच्या आधी नेटवर्क अनालायझरवर (फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या उपकरणावर) प्रत्येक कॅव्हिटी मोजण्याचा कंटाळा करू नका. दोऱ्यावरचा छोटा मणी कॅव्हिटींमधून ओढून आतलं विद्युतक्षेत्र मोजायला तर पहिल्याच वर्षी शिका.

आपल्याकडे हे काम जवळच चालतं. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने कर्करोगाच्या किरणोपचारासाठी बनवलेला ६ एमव्हीचा (साठ लाख व्होल्टचा) लिनॅक सेवाग्रामच्या रुग्णालयात बसला. खारघरला बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) इलेक्ट्रॉन बीम केंद्र आहे, तिथे १० एमईव्हीचा लिनॅक आहे, इंदूरला आरआरकॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र.

रुग्णालयासाठी यंत्र बनवताना किमतीइतकाच बंद पडण्याचा हिशेब मांडा. किरणोपचाराच्या जुन्या यंत्रांतला किरणोत्सारी कोबाल्टचा स्रोत वीज गेली तरी विरतच राहतो, ५.२७ वर्षांत निम्मा होतो आणि बदलावा लागतो. लिनॅकला तो त्रास नाही, पण त्याला स्थिर वीज आणि हाताशी दुरुस्ती करणारा माणूस लागतो. तालुक्याच्या गावी मॅग्नेट्रॉन बदलायला परदेशातून सुटा भाग येईपर्यंत उपचार थांबणार असतील, तर ते यंत्र मी स्वस्त म्हणणार नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना सॉलिड-स्टेट (सेमीकंडक्टर स्विच वापरणारा) मॉड्युलेटर घ्या. देशात बनवता येण्याजोगा भाग आहे, आणि हात त्यातच बसतो.