थाई चिकट भात: कुकर सोडला आणि जमला

बँकॉकहून आणलेला चिकट तांदूळ मी दोनदा वाया घालवला. करायचा होता खाओ निआओ मामुआंग, म्हणजे नारळाच्या दुधातला गोड भात आणि आंबा. सवयीप्रमाणे तांदूळ धुतला, दुप्पट पाणी घातलं, तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर नुसती खळ! दुसऱ्यांदा पाणी कमी केलं, तर खाली लगदा आणि वर कच्चे दाणे.

चूक पाण्याच्या मापात नव्हतीच. या तांदळात अमायलोज, म्हणजे दाणे मोकळे ठेवणारा स्टार्च, जवळजवळ नसतं; स्टार्च बहुतेक सगळा अमायलोपेक्टिनचा, म्हणजे चिकटपणा देणारा. भरपूर पाण्यात शिजवला की दाणा मोडतो. म्हणून थायलंड-लाओसमध्ये तो भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात.

टोपली नव्हती, पण मोदकपात्र होतं. दोन वाट्या तांदूळ रात्रभर भिजवला, नीट निथळला, ओल्या मलमलीत सैल बांधून वाफेवर ठेवला. पंधरा मिनिटांनी पुरचुंडी उलटली, मग आणखी दहा मिनिटं. खालचं पाणी तांदळाला लागू द्यायचं नाही, हे फार महत्त्वाचं. दाणे चकचकीत, चिवट, एकमेकांना धरून तरीही अख्खे!

एक वाटी नारळाचं दाट दूध, अर्धी वाटी साखर आणि अर्धा चमचा मीठ मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा, खळखळून उकळलं तर फुटतं. भात वाफाळता असतानाच त्यावर ओता आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. आधी फार पातळ वाटतं, पण भात सगळं पिऊन घेतो. मीठ मात्र वगळू नका. तिकडे नाम डोक माई आंबा घेतात, मी हापूस घेतला.