ड्राफ्ट झाला म्हणून लगेच भविष्य सांगू नका: या चुका टाळा

जूनअखेरीस एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट होतो, त्यात संघ आळीपाळीनं नवी पोरं निवडतात (अशी एक निवड म्हणजे एक 'पिक'), आणि जुलै उजाडेपर्यंत आमच्या टोरंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टन पट्ट्यातल्या निम्म्या मराठी बेसमेंटांत स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तयार झालेले असतात. सात फेऱ्या, ३२ संघ, २२४ पोरं. त्यातल्या बहुतेकांचा एकही पूर्ण सामना कुणी पाहिलेला नसतो, पण "हा पुढचा मॅकडेव्हिड" (कॉनर मॅकडेव्हिड, एडमंटनचा सुपरस्टार) आणि "हा पिक फुकट घालवला" ही दोन्ही मतं पोहे संपायच्या आत देऊन होतात. दरवर्षी तेच ऐकून कान किटले, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

जन्मतारीख न बघता गुण मोजणं

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक ही. गोल अधिक असिस्ट (गोलला मदत करणारा पास) म्हणजे गुण, त्याला सामन्यांनी भागायचं आणि ज्याचा आकडा मोठा तो भारी. एवढं सोपं असतं तर संघांनी जगभर माणसं कशाला फिरवली असती?

ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात, तो पात्र. त्यामुळे पहिल्यांदाच पात्र झालेल्या दोन पोरांतही जवळजवळ वर्षभराचं अंतर असू शकतं. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला, मग तो हंगाम त्यानं झुरिकच्या संघात मोठ्या माणसांबरोबर काढला आणि २०१६ला टोरंटोनं त्याला पहिला उचलला. याउलट २०२५चा पहिला पिक मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७चा. आणखी अकरा दिवसांनी जन्मला असता तर २०२६ची वाट बघत बसला असता. त्याच ड्राफ्टमध्ये सातवा गेलेला जेम्स हेगन्स नोव्हेंबर २००६चा, म्हणजे दहा महिन्यांनी मोठा. तुमच्या-माझ्या वयाला दहा महिने म्हणजे काहीच नाही. सतराव्या वर्षी तेवढ्यात खांदे भरतात आणि पायांत जोर येतो. शेफर तर आजारपण आणि मग मोडलेलं कॉलरबोन यांमुळे ओएचएलमध्ये (ऑन्टारिओची मोठी ज्युनियर लीग) त्या हंगामात फक्त १७ सामने खेळला. नुसता गुणांचा तक्ता बघणाऱ्याला तो सापडलाच नसता.

वयानंतर लीग. रणजीतलं शतक आणि क्लब मॅचमधलं शतक आपण एका तराजूत तोलत नाही, पण हॉकीत आलो की हेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे. २०२३ला पहिला गेलेल्या कॉनर बेडार्डनं डब्ल्यूएचएलमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये, ५७ सामन्यांत १४३ गुण केले होते. दुसरा गेलेला लिओ कार्लसन स्वीडनच्या एसएचएलमध्ये, म्हणजे मोठ्या माणसांच्या व्यावसायिक लीगमध्ये, ४४ सामन्यांत २५ गुणांवर होता. "पंचवीस? फक्त?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे. अरे बाबा, समोर दाढीमिशांची, घरी पोरंबाळं असलेली माणसं होती आणि हा होता अठरा वर्षांचा.

यावर हल्ली एक शॉर्टकट निघालाय. प्रत्येक लीगला एक गुणक लावायचा, गुणाकार करायचा आणि पोरगा एनएचएलमध्ये किती करेल ते दशांशापर्यंत सांगून मोकळं व्हायचं. पहिली चाळणी म्हणून ठीक आहे. पण तो पॉवर प्लेवर (समोरच्यांचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) किती वेळ होता, कुणाच्या जोडीला खेळत होता, यातलं त्या गुणकाला काही ठाऊक नसतं. आणि दुबळी लीग म्हणजे दुबळा खेळाडू असंही नाही. आज नावाजलेला डिफेन्समन केल मकार आल्बर्टातल्या ब्रुक्स बँडिट्सकडून, म्हणजे मोठ्या ज्युनियर लीगच्या एक पायरी खालून, २०१७ला चौथा गेला होता.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. वहीत नावापुढे आधी जन्ममहिना, मग लीग, मग गुणांपैकी पॉवर प्लेवरचे किती, शेवटी दुसरे असिस्ट किती. एका गोलला दोनपर्यंत असिस्ट मिळतात आणि त्यातला दुसरा कधीकधी नुसता तिथे असण्याबद्दल मिळतो. आकड्यांकडे मी त्यानंतर वळतो. जोडीदार कोण होता हेही लिहितो, पण त्यावरून घाईनं निकाल देत नाही. ॲलेक्स डेब्रिंकॅटनं ओएचएलच्या ईरी संघात मॅकडेव्हिडबरोबर खेळताना ५१ गोल केले तेव्हा "मॅकडेव्हिडची कृपा" म्हणून लोक मोकळे झाले. मॅकडेव्हिड एडमंटनला गेला, यानं पुढच्या हंगामात परत ५१ केले आणि त्याच्या पुढच्या हंगामात ६५.

क्लिप बघून प्रेमात पडणं

ही दुसरी, आणि हिच्यावर अख्खा दिवस बोलू शकतो.

मित्राचा कॉलेजात जाणारा मुलगा मला फोनवर क्लिपा पाठवायचा. एका पोराच्या, नाव नको. "काका, हात बघा याचे! दोन डिफेन्समन नाचवले!" हात खरंच सुंदर होते. पण दीड मिनिटाच्या क्लिपेत हंगामभरातल्या आठ-दहा शिफ्टांचे (बर्फावर एका वेळी खेळलेल्या पाळीचे) तुकडे असतात आणि एका सामन्यात फॉरवर्डच्या वीसेक शिफ्ट होतात, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या. बाकीच्या शिफ्टांत काय झालं? एकदा तो पोरगा पाहुण्या संघातून ब्रॅम्प्टनला खेळायला येणार होता, तेव्हा म्हटलं, चल, समोर बसूनच बघू. अट एकच, पक (हॉकीची चकती) बघायचा नाही. फक्त तो.

कोपऱ्यातल्या वरच्या रांगेत बसलो, तिथून अख्खी रिंक दिसते. पहिल्या पिरियडला आमचा गडी वैतागला, गोल झाला की यानं मान वळवलेली असायची दुसरीकडे. मग हळूहळू दिसायला लागलं. पक गेला की तो पोरगा पाय चालवणं थांबवायचा आणि नुसता घरंगळत परत यायचा. स्वतःच्या झोनमध्ये त्याची नेमून दिलेली जागा बोर्डपाशी, पण हा ब्लू लाइनकडे (झोनच्या हद्दीची निळी रेघ) सरकून उभा, कुणीतरी लांब पास देईल आणि आपण एकटे सुटू या आशेवर. दुसऱ्या पिरियडच्या मध्यावर शेजारून आवाज आला, "काका, हा परत येतच नाहीये."

त्याच सामन्यात यजमानांचा एक डिफेन्समन होता. कुठल्या क्लिपेत येण्यातला नाही. कोपऱ्यात टाकलेला पक आणायला जाताना तो दर वेळी पकापर्यंत पोचायच्या आधी दोनदा मान फिरवून खांद्यावरून मागे बघायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मागून कोण येतंय, आपला माणूस कुठे मोकळा आहे, हे पक काठीला लागायच्या आत ठरलेलं असायचं. म्हणून तो कधी घाईत दिसला नाही. मित्राच्या मुलाला म्हटलं, हे लिहून ठेव. वरच्या लीगमध्ये वेळ आणि जागा दोन्ही आखडतात, तिथे हेच उपयोगी पडतं.

यात हातांची किंमत कमी होत नाही. आळस कोच घालवू शकतो, हात देऊ शकत नाही, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते वादाला तरी घ्या, क्लिपेवर थांबू नका. रिंकवर जाणं जमत नसेल तर पूर्ण सामना लावा आणि एकाच खेळाडूवर डोळा ठेवा. कंटाळा येतो, येऊ दे. ज्यांना हा कंटाळा नको आहे त्यांनी मतंही जरा बेतानं द्यावीत, इतकंच माझं म्हणणं.

बाकीच्या, थोडक्यात

उंची बघून निकाल. डेब्रिंकॅट पाच फूट सातचा, म्हणूनच २०१६ला ३९व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. एनएचएलमध्ये त्यानं हंगामात चाळीसहून जास्त गोल केलेत. उलटी गोष्ट आमच्या टोरंटोची. २०११ला दणकट टायलर बिग्ससाठी ३०वा आणि ३९वा असे दोन पिक देऊन २२वा घेतला. बिग्स एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्या दोन पिकांवर ॲनाहाइमनं रिकार्ड राकेल आणि जॉन गिब्सन घेतले. लीफ्सवाल्यांसमोर (टोरंटोच्या संघाच्या चाहत्यांसमोर) हा विषय काढू नये.

गोलरक्षकाबद्दल अठराव्या वर्षी मत देऊच नका. आज अव्वल गोलरक्षक असलेले कॉनर हेलेबक १३०वा, इगोर शेस्टरकिन ११८वा गेले होते. रिक डिपिएत्रो पहिला गेला, पण अपेक्षेला उतरला नाही.

वर्ल्ड ज्युनियर्स (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) बघा, मजा घ्या, पण नाताळातल्या दहा-अकरा दिवसांच्या मोजक्या सामन्यांवरून कुणाचं आयुष्य ठरवू नका. जुलैतल्या डेव्हलपमेंट कॅम्पचं (नव्या पोरांच्या सराव शिबिराचं) तर बोलूच नका. तिथे जमिनीवर मांडलेल्या कोनांभोवती स्केटिंग करणाऱ्या पोरांवर लोक निबंध लिहितात.

"अमक्याला सोडून याला का घेतलं" हा वाद पाच-सात वर्षांनी घाला. २०१५ला बॉस्टननं १३, १४, १५ असे ओळीनं तीन पिक केले आणि लगेच पुढे बार्झाल, कॉनर, शाबो हे पुढे नावाजलेले खेळाडू गेले. त्याचं हसू आज येतं. तेव्हा मात्र खात्रीनं कुणालाच सांगता आलं नसतं.

एका वर्षात "फुकट गेला" म्हणणं. टेज थॉम्पसन २०१६चा २६वा. सेंट लुइसनं त्याला दिलाही बफेलोला, आणि ३८ गोलांचा हंगाम आला २०२१-२२ला.

शेवटचं, ऑक्टोबरात हमखास विचारलं जातं: "नऊ सामने खेळवून परत का पाठवला? आवडला नाही वाटतं?" अठरा-एकोणीसच्या पोरानं करार केला असेल आणि तो एनएचएलमध्ये दहा सामने खेळला नाही, तर कराराचं पहिलं वर्ष पुढे ढकललं जातं. दहावा सामना खेळला की ते वर्ष खर्ची पडतं. त्यामुळे नवव्या सामन्यानंतर परत पाठवणीची बातमी आली तर आधी करार बघा, मग त्या नऊ सामन्यांत त्याला किती मिनिटं बर्फावर ठेवला होता ते बघा, आणि मग मला फोन करा.