छातीत दुखतं तेव्हा: गॅस समजून थांबू नका

डवऱ्यामागे चालताना छाती आवळल्यासारखी होते, धुऱ्यावर पाच मिनिटं बसलं की उतरते. हृदयाची रक्तवाहिनी चरबीच्या थराने अरुंद झाली की असं होतं: कष्टाला जास्त रक्त लागतं आणि तेवढं पोचत नाही. त्याच आठवड्यात ईसीजी, बीपी, साखर, कोलेस्ट्रॉल तपासा. निवांत असताना काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो, म्हणून दुखणं चालल्यावर येतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बसूनही दहा मिनिटांत हटत नाही, सावलीतही गार घाम फुटतो, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात जाते, तर थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसली असं धरा. साखरवाल्यांना आणि बायांना कधी नुसता दम, मळमळ किंवा कमालीचा थकवा असतो. बहुतेक घरांत वेळ इथंच जातो: सोडा, ओवा, छातीला बाम. ढेकर येऊन बरं वाटलं, तरी हृदय ठीक आहे असं त्यातून ठरत नाही.

लगेच १०८ लावा. रुग्णाला चालवू नका. पाठीला वळकटी देऊन, गुडघे दुमडून अर्धवट बसवा. मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेणं वाईटच, कारण वाटेत शुद्ध गेली तर छातीवर दाब देता येत नाही. ॲस्पिरिन ३२५ ची एक किंवा ७५ च्या चार गोळ्या चावून खायला द्या. अख्खी गिळली तर वरचं आवरण विरघळण्यात वेळ जातो. ॲलर्जी, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा तोंड वाकडं झालं असेल तर देऊ नका. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच, तीही बसवून जिभेखाली. नाहीतर बीपी पडून माणूस कोसळू शकतो.

१०८ वाल्यांना विचारा: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ कुठं मिळतं? स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट सलाईनमधून तासाभरात देतात, टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकदमच. १२ तासांपर्यंत उपयोग होतो, पण खरा फायदा पहिल्या तीन तासांत. त्यानंतर नागपूरसारख्या ठिकाणी अँजिओग्राफी, म्हणजे वाहिनी कुठं अडली ते पाहण्याची तपासणी. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट म्हणजे जाळी बसवणं) आहे.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडाच. धूर नसला तरी निकोटिन नाडी आणि बीपी वाढवतंच. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नका. नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.