प्रसिद्ध नावांच्या शेजारची मैदाने: परदेशी दौऱ्यासाठी कमी परिचित लिंक्स कोर्स कसे निवडावेत

स्कॉटलंड, आयर्लंड किंवा इंग्लंडच्या गोल्फ दौऱ्याचा बेत आखताना बहुतेक जण आधी जगातील उत्तम कोर्सची क्रमवारी उघडतात आणि तिच्यातील वरची पाच-सहा नावे नकाशावर जोडायला घेतात. या पद्धतीत दोन अडचणी आहेत. ती नावे एकमेकांपासून इतकी दूर असतात की सुट्टीचा मोठा भाग मोटारीत जातो, आणि त्या क्लबांत पाहुण्यांसाठीच्या वेळा फार आधी भरून जातात. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर अनेकांना सोडतीवर विसंबून राहावे लागते, आणि रविवारी तो कोर्स खेळासाठी बंदच असतो. म्हणून क्रमवारीऐवजी किनारपट्टीपासून सुरुवात करावी. एक किनारा निवडावा, तिथल्या एखाद्याच प्रसिद्ध कोर्सवर जागा मिळते का ते पाहावे, आणि उरलेले दिवस त्याच्या शेजारच्या क्लबांना द्यावेत.

या सल्ल्यामागे भूगोलाचे कारण आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा पट्टा. वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांची ती रांग एखाद्या क्लबच्या कुंपणापाशी थांबत नाही, त्यामुळे प्रसिद्ध कोर्सची माती, गवत आणि वारा शेजाऱ्यालाही मिळालेला असतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल ते साउथपोर्ट हा किनारा याचे सर्वात सोयीचे उदाहरण आहे. रॉयल बर्कडेलचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण त्याला लागूनच हिलसाइड आहे, थोड्या अंतरावर 1933 आणि 1937 चे रायडर कप सामने (ब्रिटन आणि अमेरिका यांच्या संघांमधले) झालेला साउथपोर्ट अँड एन्सडेल आहे, आणि दक्षिणेला फॉर्म्बी व वेस्ट लँकेशायर आहेत. हे सारे एकाच लोकल रेल्वेमार्गाच्या काठाने वसलेले असल्यामुळे एकाच खोलीत मुक्काम ठेवून मोटारीशिवायही आठवडा काढता येतो. मात्र ओपन, म्हणजे ब्रिटनची सर्वात मोठी गोल्फ स्पर्धा, ज्या वर्षी त्या किनाऱ्यावर असते, त्या उन्हाळ्यात तिथे जाऊ नये. 2026 साठी रॉयल बर्कडेलचीच निवड झालेली आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेत रॉयल डॉर्नॉकच्या भोवतीही असेच आहे. खाडीच्या पलीकडे टेन हा एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश खेळाडू आणि कोर्सरचनाकार ओल्ड टॉम मॉरिसच्या हातचा कोर्स आहे, तर उत्तरेला अर्ध्या तासाच्या वाटेवर ब्रोरा लागतो, ज्याची आजची रचना पाच वेळा ओपन जिंकणाऱ्या जेम्स ब्रेडने केली. ब्रोराची जमीन सामायिक चराईची. तिथे वर्षानुवर्षे मेंढ्या आणि गुरे चरत आली, आणि ग्रीनवर, म्हणजे चेंडू खळग्यात घालायच्या हिरवळीवर, त्यांनी येऊ नये म्हणून भोवती विजेच्या तारा लावाव्या लागल्या. ही गंमत ऐकून काही जण कोर्सला कमी लेखतात. माझे मत उलट आहे: गुरांनी खुरटून ठेवलेल्या गवतावर चेंडू जसा धावतो तसा तो यंत्राने कापलेल्या मऊ फेअरवेवर (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर) क्वचितच धावतो. सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्यांनीही फाइफच्या किनाऱ्याने जरा पुढे जावे. क्रेलची गोल्फ सोसायटी 1786 सालची आहे, लुंडिन आणि लेव्हन हे दोन कोर्स एका दगडी बांधाने विभागलेले आहेत, आणि ईलीला पहिल्या टीवरून (जिथून पहिला फटका मारतात) पुढचे काही दिसत नसल्यामुळे समोरचे खेळाडू दूर गेले की नाही हे पाहण्यासाठी एका जुन्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे.

शेजारचे नाव सापडले की ते मैदान खरोखर लिंक्स आहे का, याची खात्री करावी. जाहिरातीत समुद्र दिसला म्हणजे लिंक्स झाली, असे नाही. आयर्लंडमधील ओल्ड हेड ऑफ किन्सेल किंवा अमेरिकेतील पेबल बीच हे समुद्रकाठचे भव्य कोर्स आहेत, पण ते कड्यांवर आहेत आणि त्यांना लिंक्स म्हणता येत नाही. फरक जमिनीत आहे: वाळूत पाणी लगेच मुरते, फेस्क्यूसारखे बारीक आणि चिवट गवत वाढते, पृष्ठभाग टणक राहतो आणि चेंडू पडल्यावर बराच पुढे घरंगळतो. घरबसल्या तपासण्यासाठी उपग्रहाची छायाचित्रे उपयोगी पडतात. दोन होलांच्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या टप्प्यांच्या) मध्ये झाडांच्या रांगा असतील, तळी खोदलेली असतील किंवा ऐन उन्हाळ्यातल्या चित्रातही सारे हिरवेगार दिसत असेल, तर संशय घ्यावा. करड्या-पिवळ्या फेअरवे, वाकडीतिकडी उंचसखल जमीन आणि बाजूला उघडी वाळू दिसली तर समाधान मानावे. काही कोर्स मिश्र असतात. डॉर्नॉक आणि ब्रोरा यांच्यामधल्या गोल्स्पीवर काही होल लिंक्सचे, काही माळरानाचे आणि काही झाडीतले आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ते आधी माहीत असावे. अपवादही असतो: वेल्समधील पेनार्ड समुद्रापासून सुमारे दोनशे फूट उंचीवर आहे, तरी वाऱ्याने वर नेलेल्या वाळूमुळे तिथला खेळ अस्सल लिंक्सचाच आहे.

यानंतर लांबी आणि पार, म्हणजे होल पुरा करायला अपेक्षित फटक्यांची संख्या, पाहण्याचा मोह होतो आणि बरीच चांगली मैदाने इथेच यादीतून गळतात. ईलीत सोळा होल पार चारचे आणि दोन पार तीनचे आहेत, पार पाचचा एकही नाही. स्कॉटलंडच्या मरे किनाऱ्यावरच्या कलनचा एकूण पार जेमतेम 63 आहे, कारण त्यातले दहा होल पार तीनचे आहेत. ते समुद्रातून वर आलेल्या खडकांभोवती आणि कड्याच्या वर-खाली फिरतात. ॲरन बेटावरील शिस्किनला तर बाराच होल आहेत. कागदावर हे कोर्स किरकोळ वाटतात, पण समोरून जोराचा वारा असताना दीडशे यार्डांच्या होलवर लांब पल्ल्याची क्लब (फटका मारायची काठी) काढावी लागते आणि कार्डावरचा आकडा निरर्थक ठरतो. लांबीऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, होलांच्या दिशा: जुन्या लिंक्सवर बहुधा पहिले नऊ होल एका दिशेने जातात आणि उरलेले परत येतात, म्हणजे अर्धा खेळ वारा तोंडावर घेऊन होतो, ज्याला हे नको असेल त्याने दिशा वारंवार बदलणारी रचना शोधावी. दुसरी, ग्रीनच्या पुढची जमीन: ती मोकळी असेल तर चेंडू जमिनीलगत खेळून आत आणता येतो, आणि मध्यम हँडिकॅपच्या, म्हणजे मध्यम कौशल्याच्या, खेळाडूला लिंक्सचा खरा आनंद याच फटक्यात मिळतो. आयर्लंडमधील काही क्लबांच्या कार्डावर अंतरे मीटरमध्ये असतात. 400 मीटर म्हणजे सुमारे 437 यार्ड, हे विसरल्यास पहिल्या दिवशी प्रत्येक फटका अपुरा पडतो.

लहान क्लबशी व्यवहार करताना हे ध्यानात ठेवावे की तो मुळात सभासदांचा आहे आणि पाहुण्यांना उरलेल्या वेळा मिळतात. शनिवारी बहुतेक ठिकाणी क्लबची स्पर्धा असते, आठवड्यातला एखादा दिवस महिला सभासदांसाठी राखलेला असतो, आणि उन्हाळ्यात खुल्या स्पर्धांचे आठवडे येतात. म्हणून प्रवासाच्या तारखा पक्क्या करण्याआधी क्लबच्या सचिवांना थेट लिहून विचारावे. त्याच पत्रात हँडिकॅपचा दाखला लागतो का, भाड्याने क्लबसंच मिळतो का (डावखुऱ्यांसाठी तो मिळेलच असे नाही), कॅडी (सामान वाहणारा मदतनीस) आधी ठरवावा लागतो का, आणि चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी बग्गीची सोय आहे का, हेही विचारून घ्यावे. अनेक लिंक्सवर बग्ग्या मोजक्याच असतात आणि त्यांसाठी डॉक्टरांचे पत्र मागितले जाते. काही ठिकाणच्या प्रथा वेगळ्याच असतात: स्कॉटलंडमधील हॅरिस बेटावरच्या नऊ होलांच्या कोर्सवर रविवारी खेळत नाहीत, आणि इंग्लंडमधील रॉयल वेस्ट नॉरफोकचा रस्ता मोठ्या भरतीत पाण्याखाली जात असल्यामुळे तिथे खेळाची वेळ ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते.

ऋतूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जूनमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेत रात्री दहापर्यंत उजेड असल्याने संध्याकाळी दुसरा डाव सहज मांडता येतो. हिवाळ्यात शुल्क उतरते, पण काही क्लब त्या काळात फेअरवेवरचा चेंडू चटईवर ठेवून मारायला लावतात, हे आधी विचारलेले बरे.

दूरच्या मैदानांचा निर्णय सर्वात अवघड असतो. स्कॉटलंडमधील किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाकडचे मॅक्रीहॅनिश, जिथे पहिलाच फटका पुळणीच्या कडेवरून मारायचा असतो, ते ग्लासगोपासून मोटारीने तीन तासांहून अधिक दूर आहे. साउथ युइस्ट बेटावरचे अ‍ॅस्कर्निश हे ओल्ड टॉम मॉरिसने 1891 मध्ये आखलेले मैदान पुढे विस्मृतीत गेले आणि 2008 मध्ये पुन्हा खेळते झाले. तिथे पोहोचायला बोट किंवा विमान लागते. आयर्लंडच्या मेयो परगण्यात बेलमुलेटजवळ आयरिश रचनाकार एडी हॅकेट याने उंच टेकड्यांमध्ये बसवलेले कार्न आहे. अशा ठिकाणी एका डावासाठी जाऊ नये. दोन रात्री मुक्काम करावा आणि एकच कोर्स दोनदा खेळावा, कारण वाऱ्याची दिशा बदलली की दुसऱ्या दिवशी तेच होल अनोळखी वाटतात, आणि आंधळे फटके, म्हणजे लक्ष्य दिसत नसताना मारायचे, पहिल्या डावात नशिबावर तर दुसऱ्या डावात समजून खेळता येतात. लांबच्या प्रवासाचे चीज होईल का, याचा माझा हिशेब साधा आहे: जवळपास दुसरे एक मैदान असेल तर जावे. मॅक्रीहॅनिशला हा निकष लागू पडतो, कारण साउथएंडजवळचे डनॅव्हर्टी फार दूर नाही. कार्नसाठी एनिस्क्रोन हा जोडीदार आहे, पण तो वेगळ्या दिवशीच घ्यावा.

वेळापत्रक आखताना दिवसाला एकच डाव गृहीत धरावा आणि दुसरा हवामानावर सोडावा. बेटांवर जाणाऱ्यांनी परतीच्या बोटीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा, कारण जोराच्या वाऱ्यात बोटी रद्द होतात आणि त्यानंतर लगेच विमान गाठायचे असेल तर सारा बेत कोलमडतो. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक एकाच दौऱ्यात घेणाऱ्यांनी दोन्हीकडची प्रवेशपरवान्याची अट स्वतंत्रपणे तपासावी आणि खिशात पौंड व युरो दोन्ही ठेवावेत. हॅरिससारख्या ठिकाणी शुल्क पेटीत टाकून जायची पद्धत असल्यामुळे सुटे पैसेही जवळ असावेत.