हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक धरतंय? आधी केबल की ड्रम ते ठरवा

बोलेरो पिकअपसारख्या जुन्या गाड्यांत मागे ड्रम ब्रेक असतात आणि हँडब्रेकची केबल त्याच ब्रेकच्या लायनरना (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांना) ओढते. चाक धरून राहिलं की बरेच जण केबलचा नट ढिला करून मोकळे होतात. गाडी चालते, पण पुढे माल भरून उतारावर उभी केली की हँडब्रेक धरत नाही. दोष आहे तिथेच राहतो.

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागून उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक पूर्ण सोडून चाकं हाताने फिरवा, कुठलं अडतंय ते बघा.

आता केबलचा ॲडजस्टिंग नट ढिला करा (किती आटे बाहेर होते ते आधी खुणेने धरून ठेवा). चाक सुटलं तर केबल अडकली आहे किंवा जास्त ताणलेली आहे. केबल टोकाकडून सोडवून आतली तार हाताने मागेपुढे करा. सरसर सरकायला हवी. खरखरली, तर फाटलेल्या रबर बुटातून पाणी जाऊन आत गंज धरला आहे. ऑइल सोडून चार दिवस निघतील, इलाज केबल बदलणं हाच. मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम नुकतंच झालं असेल तर केबल कुठे ताणली किंवा दुमडली गेली आहे का तेही पाहा.

नट ढिला करूनही चाक जाम असेल, तर त्या चाकाचं ब्लीडिंग निपल (ब्रेकची हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा उघडा. ब्रेक ऑइल दाबाने उडालं आणि चाक सुटलं, तर हँडब्रेकचा दोष नाही: होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइलवर दाब देणारा) प्रेशर सोडत नाही. काहीच फरक पडला नाही, तर ड्रम उतरवा. निपल लगेच बंद करा आणि काम झाल्यावर ब्रेकची हवा काढा.

ड्रम सहसा सहज येत नाही. त्यावर आटे असलेली दोन भोकं असली, तर त्यांत बसणारे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ड्रमच्या कडेला धार पडली असेल तर लायनर त्यात अडकतात. ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) मागे फिरवल्याशिवाय ओढाताण करू नका, स्प्रिंग तुटतात. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

आत खरा गुन्हेगार बहुधा लायनरवरचा हँडब्रेक लिव्हर असतो. त्याची पिन गंजली की केबल सुटली तरी तो परत येत नाही. पिन साफ करा. पिनेवर आणि लायनर टेकतात त्या बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावा, लायनरला त्याचा थेंबही लागू देऊ नका. रिटर्न स्प्रिंग सैल झाल्या असतील तर दोन्ही चाकांच्या बदला. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) गळत असेल तर तोही, आणि ऑइलने भिजलेले लायनर धुऊन परत वापरू नका.

जोडताना आधी लायनर ॲडजस्ट करा, मग केबल. उलट केलं की चाक पुन्हा धरणार. हँडब्रेक सोडलेला असताना दोन्ही चाकं मोकळी फिरायला हवीत आणि ओढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या दातांवर (टकटक आवाजांवर) दोन्ही सारखी धरायला हवीत. तीन-चार किलोमीटर चालवून मागच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापली असेल तर तिकडचा लायनर अजून घासतोय.

पावसाळ्यात गाडी धुऊन सपाट जागी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. हँडब्रेक ओढून ठेवला की ओला लायनर ड्रमला चिकटतो.