डेल्टिकच्या मॉडेलवर काजळी आणि मळ कसा चढवायचा

डेल्टिक या ब्रिटिश डिझेल लोकोचं (रेल्वे इंजिनाचं) मॉडेल डब्यातून काढून तसंच चकचकीत ठेवलं तर खेळणं वाटतं, या लोकोवर काजळी हवीच. 1961-62 मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकने असे 22 लोको बनवले, प्रत्येकात नेपियरची 18 सिलिंडरची दोन टू-स्ट्रोक इंजिनं, 3300 हॉर्सपॉवर, लंडन-एडिनबरा मार्गावर ताशी 100 मैल. गाडी उभी असताना एक्झॉस्टमध्ये तेल साचायचं आणि गाडी सुटताना धुराचा लोट यायचा, म्हणून सगळ्यात काळं काय तर छतावरच्या एक्झॉस्टभोवतीचा भाग.

आधी बॉडी काढा, भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, पूर्ण वाळू द्या. काचांना मास्किंग टेप लावा. मग ॲक्रिलिक सॅटिन वार्निशचा पातळ हात, म्हणजे खालचा ब्रन्सविक ग्रीन (लोकोचा मूळ गडद हिरवा रंग) सुरक्षित राहतो.

आता तपकिरी-काळा एनॅमल रंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून ग्रिल, दारांच्या फटी आणि रिव्हेटभोवती सोडा, थोडं सुकलं की टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली पुसा, आडवं कधीच नाही कारण पावसाचं पाणी खालीच ओघळतं. बाजू वॉशिंग प्लांटमध्ये धुतल्या जायच्या, म्हणून सपाट भाग बऱ्यापैकी स्वच्छ ठेवा आणि मळ कोपऱ्यांत राहू द्या, सगळीकडे सारखा मळ फासलेली मॉडेल्स मला बघवत नाहीत. टर्पेंटाइनच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरू नका हं, प्लास्टिक वितळतं!

बोगींचा, म्हणजे लोकोखालच्या चाकांच्या सांगाड्यांचा, रंग मात्र वेगळा. तिथे ब्रेकच्या लोखंडी ब्लॉकची झिजून निघालेली धूळ बसते, गंजासारखी तपकिरी. बडोदा स्टेशनवर मालगाडी थांबली की चाकांजवळचा रंग नीट बघून घ्या, मग काम सोपं होतं. स्टेशनरीवाल्याकडचे ड्राय पेस्टल ब्लेडने खरवडून ती पूड मऊ ब्रशने लावा, छतासाठी काळी, बोगीसाठी तपकिरी. डिझेल टाकीवर तोंडाखाली एक-दोन चमकदार ओघळ पुरे.

शेवटी मॅट वार्निशचा हलका फवारा, पण पूड त्याने फिकी पडते म्हणून आधी जरा जास्तच लावा. आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फवारलंत तर वार्निश पांढुरकं पडतं, कोरडा दिवस बघा. नंतर टेप काढा, चाकांचा रुळाला टेकणारा भाग आणि मागची पिकअपची (रुळातली वीज मोटरपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या टेकतात ती) बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर लोको अडखळत चालतो.